शाळा घरी आणायची तर किती पडते?

पुस्तकांपासून सुरुवात करू, कारण तिथे खर्च जवळपास नाहीच. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घेता येतात. छापील हवी असतील तर प्राथमिक वर्गाचा संच काहीशे रुपयांत येतो. वह्या, रंग, नकाशे, शब्दकोश आणि वाचायला गोष्टींची पुस्तकं धरली तरी एका मुलामागे वर्षाला चार-पाच हजारांच्या वर जायचं कारण नाही. मूल घरीच शिकवायचं ठरवलेले पालक बहुधा इथपर्यंत हिशोब करतात आणि खूश होतात. पुढचा हिशोब त्यांच्यासाठी.

भोर आणि वेल्हे (आता राजगड हे नवं नाव मिळालेला तालुका) इथे हा प्रश्न दोन अगदी वेगळ्या घरांत पडतो. एक घर पुण्याहून आलेलं: पानशेतच्या किंवा गुंजवणीच्या बाजूला जमीन घेतली, काम लॅपटॉपवर, आणि मुलांना शहरातल्या महागड्या शाळेतून मुद्दाम बाहेर काढलेलं. दुसरं घर इथलंच: वाडी डोंगराच्या कुशीत, शाळेचा पट पाच-सहावर आलेला, पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही, आणि मूल घरी आहे ते कुणी ठरवलं म्हणून नव्हे. पहिल्या घराला घरशाळा म्हणतात आणि दुसऱ्याला शाळाबाह्य. सरकारदरबारी दोघांची नोंद मात्र एकाच रकान्यात होते. त्यामुळे खर्चाचा तक्ताही दोघांना बराचसा एकच लागू पडतो.

वेळेची किंमत

सगळ्यात मोठी रक्कम कुठल्याच पावतीवर दिसत नाही. ती म्हणजे शिकवणाऱ्या माणसाचा वेळ. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. घरी एका मुलाला इतके तास लागत नाहीत, हे खरं. निम्म्यात होतं. तरी ते निम्मे तास कुणीतरी द्यायचेच आहेत.

त्याचं मोल करायला आपल्याकडे एक सरकारी माप आहे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये. २०० दिवसांचे ६२,४०० झाले. आईने किंवा वडलांनी रोज अर्धाच दिवस दिला असं धरलं तरी ३१,२०० रुपये. हा सर्वांत खालचा भाव आहे. भातलावणीच्या दिवसांत मजुरी याहून चढी असते आणि नेमकं तेव्हाच घरातल्या प्रत्येक हाताची गरज पडते. लॅपटॉपवर काम करणाऱ्याने स्वतःच्या तासाचा भाव लावून पाहावा. आकडा शहरातल्या शाळेच्या फीजवळ जाऊन बसतो. घरशाळा स्वस्त पडते असं म्हणणाऱ्या घरात हा आकडा बहुधा बाईच्या नावावर पडलेला असतो आणि म्हणून तो मोजलेला नसतो.

शिकवणी लावणार असाल तर ती भोर शहरात, नसरापूरला किंवा कापूरहोळला मिळेल. वेल्ह्याच्या आत, केळदकडे किंवा पानशेतच्या मागच्या अंगाला मिळणार नाही. ऑनलाइन वर्गावर भिस्त ठेवायची तर आधी जुलै महिन्यात घरात बसून पाहा. भुतोंडे खोऱ्यात आणि कानंद खोऱ्यात वीज आणि रेंज एकदमच जातात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि एक इन्व्हर्टर हा इथे चैनीचा खर्च नाही, तो शाळेच्या खर्चातच धरा.

जिल्हा परिषदेची शाळा काय काय देते, हे सोडताना कळतं

गावातली शाळा फुकट आहे म्हणून तिचं मोल शून्य समजू नका. गणवेशाचे दोन जोड, साधारण ६०० रुपयांचे. पाठ्यपुस्तकं मोफत. दुपारचं जेवण: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे २०० दिवसांचे २० किलो, आणि त्यावर शिजवण्याचा खर्च मे २०२५ पासून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, वर्षाचे १,३५६. सहावी ते आठवीला तांदूळ १५० ग्रॅम आणि खर्च १० रुपये १७ पैसे. बाहेरून आलेल्या घराला ही रक्कम चिल्लर वाटेल. वाडीवरच्या घरात दोन मुलं असतील तर ती चिल्लर नाही.

एसटीचा हिशोब तर लोक विसरतातच. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्साच भरायचा. दोन्हींना शाळेचा बोनाफाईड लागतो. घरी शिकणारी मुलगी भोरला ग्रंथालयात किंवा शिकवणीला जाणार असेल तर तिला हा पास मिळणार नाही, महिलांचं अर्धं तिकीट काढावं लागेल.

याहून मोठी गोष्ट शिष्यवृत्त्यांची. आठवीत होणारी एनएमएमएस परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांत ४८,०००. नवोदयचंही तसंच. पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिक्रापूरला आहे. तिथे सहावीत जायचं तर पाचवीचं पूर्ण वर्ष जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेलं लागतं, आणि ग्रामीण भागासाठीच्या ७५ टक्के जागांवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी, पाचवी ही तीनही वर्षं ग्रामीण शाळेतलीच हवीत. हुशार मूल तिसरीत घरी बसवलं की ही दारं आपोआप मिटतात, आणि त्याची नोटीस कुणी पाठवत नाही.

कायदा

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते न केल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा मात्र या कायद्यात नाही. घरशाळेला परवानगी देणारं कलम नाही आणि बंदी घालणारंही नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्र सरकारने आधी घरशाळेला हरकत नाही असं सांगितलं आणि मग तो पवित्रा बदलला. गेली कित्येक वर्षं देशभरातली घरशाळावाली कुटुंबं याच फटीत सुखाने राहत आली आहेत. ‘स्वशिक्षण’सारखी त्यांची संघटनाही आहे.

व्यवहारात काय होतं? सलग ३० दिवस गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य गणलं जातं. सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतील, केंद्रप्रमुखांचा फोन येईल. त्यांच्याशी वाद घालू नका. ते त्यांचं काम करत आहेत. मुख्याध्यापकांना साध्या भाषेत अर्ज द्या: मूल घरी शिकत आहे, अमुक मुक्त मंडळाची परीक्षा देणार आहे. त्याची एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. खर्च झेरॉक्सचा.

एका गोष्टीपासून लांब राहा. चार-पाच घरांची मुलं एकत्र करून, शिक्षक नेमून, फी गोळा करून शेतघरावर ‘लर्निंग सेंटर’ काढण्याची कल्पना फार मोहक असते. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास कलम १८ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही ती चालू राहिली तर दर दिवसाला १०,००० पर्यंत. आईवडील स्वतःच्या मुलाला शिकवतात तोवर दंडाचा प्रश्न येत नाही. पावती फाडायला लागलात की येतो.

आणि उलटीही एक पळवाट आहे. नाव शाळेच्या पटावर, मूल घरी, हजेरी शिक्षकांनी भरायची. गाव लहान असलं की हे सहज जमतं. करू नका. पाहणी झाली तर बालंट शिक्षकांच्या नोकरीवर येतं, तुमच्या नाही.

पटाचा विषय निघालाच आहे तर तोही बघू. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत आणि त्यांत १,८५,४६७ मुलं शिकतात, असे शिक्षण विभागाचे आकडे २०२३ मध्ये पुढे आले. अशा शाळांची मुलं एकत्र आणून समूह शाळा करायच्या म्हणून त्या सप्टेंबरात आयुक्तालयाने प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून दोन नावं घेतली: नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि आपलं पानशेत. शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात. सात मुलांच्या शाळेतून तुमची दोन मुलं गेली तर उरलेल्या पाच मुलांच्या शाळेचं काय होईल, हाही खर्चच आहे, फक्त तो शेजारच्या घरावर पडतो. म्हणून माझं मत असं, की बाहेरून येऊन वाडीत राहिलेल्या कुटुंबाने निदान पाचवीपर्यंत मुलांना गावच्या शाळेत घालावं. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात, तिथे जाऊन बसावं आणि दुपारनंतर घरी काय हवं ते शिकवावं. लहान पटाच्या शाळेत मुलाकडे लक्ष मिळतं, आणि बाहेरच्या मुलाला इथली भाषा, इथली माणसं कळायला याहून चांगली जागा नाही.

दाखला

आता खरा महागडा कागद. शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, ज्याला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात, याशिवाय आपल्याकडे माणसाचं पुढचं बरंचसं आयुष्य अडतं. जातीच्या दाखल्याला तो लागतो, पडताळणीला तर आजोबा-पणजोबांचाही लागतो. कातकरी, महादेव कोळी, धनगर, कुणबी, ज्या कुणाला पुढे आरक्षणाचा किंवा सवलतीचा आधार लागणार आहे, त्या घराने मुलाचं नाव एकदाही शाळेच्या रजिस्टरवर न येऊ देणं म्हणजे नातवंडांच्या पुराव्याचा धागा तोडणं. पहिलीतच घरशाळा सुरू करणाऱ्यांना हे सांगितलं की ते हसतात. पंधरा वर्षांनी पडताळणी समितीसमोर कुणी हसत नाही.

कागद नसला की गुणवत्तेचंही काय होतं, त्याचं मुंबईतलं ठळक उदाहरण आहे. मालविका राज जोशी हिने सातवीनंतर शाळा सोडली, घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. आयआयटीचं दार तिला बंद होतं, कारण बारावीचा निकाल नव्हता. ऑलिंपियाडची पदकं घरात नसतील तर तिच्या मार्गाने जाण्याआधी परीक्षेची सोय बघा.

परीक्षेचे तीन रस्ते

पहिला, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ पासून आहे, पुण्यात प्रादेशिक केंद्र आहे आणि दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. वय १४ पूर्ण हवं. आठवीची गुणपत्रिका नसेल तर दहावीचा अभ्यास करण्याइतकं शिक्षण झालं आहे असं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. घरी शिकलेल्या मुलासाठी हा सर्वांत मोठा आधार. पाच विषयांची नोंदणी गेल्या काही वर्षांत मुलग्यांना अठराशे रुपयांच्या आसपास पडत आली आहे, मुलींना तीनेकशे रुपये कमी, अनुसूचित जाती-जमातींना बाराशेच्या घरात. परीक्षेचं शुल्क विषयाला २५० च्या आसपास, प्रात्यक्षिक असेल तर थोडं वेगळं. म्हणजे सगळं मिळून तीन ते साडेतीन हजार. भरायच्या दिवशीचा आकडा संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा. नोंदणी पाच वर्षं टिकते, नऊ संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय सुटे सुटे देता येतात. केंद्र पुण्यात येईल असं धरून चाला: पाच पेपरांना मूल आणि सोबत एक मोठं माणूस, पहाटेची एसटी किंवा नातेवाइकांकडे मुक्काम.

इथेच एजंट भेटतात. ‘एनआयओएस करून देतो’, ‘पास होण्याची हमी’ असं म्हणून साडेतीन हजारांच्या कामाचे वीस-पंचवीस हजार मागतात. नोंदणी ऑनलाइन आहे आणि ती पालकाला स्वतः करता येते. जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रावर बसून करा, त्याला त्याचे शंभर-दोनशे द्या.

दुसरा रस्ता सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाचीच दहावी, पण खासगी विद्यार्थी म्हणून. नोंदणी हजार-बाराशे रुपये, परीक्षा शुल्क वेगळं, मुदत गेली की विलंब शुल्क वाढत जातं. याचा मोठा फायदा म्हणजे संपर्क केंद्र म्हणून तालुक्यातली शाळा निवडता येते, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा तिथेच होतात, पुण्याच्या फेऱ्या वाचतात. अडचण एकच: मंडळ आधीच्या शाळेचा मूळ दाखला मागतं. जे मूल कधी शाळेत गेलंच नाही त्याला हा रस्ता जवळपास बंद. कितवी झालेली लागते आणि शाळा सोडून किती वर्षं लोटलेली लागतात, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तिसरा रस्ता कमी लोकांना ठाऊक आहे. २०१७ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापन झालं. इथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा चार टप्प्यांच्या परीक्षा देता येतात. पाचवीसाठी वय किमान १०, आठवीसाठी १३. घरी शिकणाऱ्या मुलाने आठवीची ही परीक्षा द्यावी असं मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचं कारण परत शाळेत येण्याच्या नियमात आहे.

केंब्रिजची आयजीसीएसई पुण्याकडच्या काही कुटुंबांच्या मनात असते. तिथे खासगी उमेदवाराला एकेका विषयामागेच दहा हजारांच्या पुढे मोजावे लागतात. ज्यांना परवडतं त्यांना या लेखाची गरज नाही.

परत यायचं झालं तर

बहुतेक घरशाळा दोन-तीन वर्षांत संपतात. घरची परिस्थिती बदलते, मूलच कंटाळतं, त्याला सोबत हवी असते. यात कमीपणा काही नाही. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षण मिळतं, आणि वर्षाच्या मध्येही जिल्हा परिषदेची शाळा नाही म्हणू शकत नाही. खर्च शून्य. पण २०२३ च्या राज्याच्या दुरुस्तीने एक गाठ बसली आहे. पाचवीपर्यंत वयाप्रमाणे थेट वर्ग मिळतो. सहावी ते आठवीत बसायचं तर पाचवीसाठीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नाहीतर तेरा वर्षांचं मूल पाचवीत बसतं. आणि नववीला तर कायद्याचं छत्रच संपतं. नववी माध्यमिक शाळेत, बहुधा अनुदानित संस्थेच्या. तिथे आठवी झाल्याचा कागद मागतील. मुक्त मंडळाची आठवी किंवा एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचा ‘क’ स्तर हा तो कागद.

शाळा लांब आहे म्हणून मूल घरी बसवलं असेल, तर घरशाळेचा विचार करण्याआधी पंचायत समितीत वाहतूक भत्त्याची चौकशी करा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे. ती नसेल तर समग्र शिक्षातून एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत भत्ता बसतो. शाळा समायोजित होऊन मुलं दुसरीकडे पाठवली असतील तर हा प्रश्न लेखी विचारा, ग्रामसभेच्या ठरावासह विचारा. वेल्ह्याच्या बाजूला ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांचं जुनं काम आहे, अर्ज लिहायला मदत हवी असेल तर तिथल्या कार्यकर्त्यांना भेटा.

शेवटी, दाखला घ्यायला जाल तेव्हा कार्यालयात उभं राहूनच वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि तालुका, जात-पोटजात हे सगळं ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षरान् अक्षर जुळवून पाहा. मूल पटावर असताना दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावरून पुढे सरकतो. नाव कमी झाल्यावर तेच प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जातं, आणि ते कार्यालय पुण्यात आहे.